तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या मधे

वैशाख लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं सुरू होतात. घोडबंदर रोडला आमचे टॉवर उभे राहिले ते एका आगरी गावाच्या शेतांवर. शेतं गेली, गाव मात्र जागचं हललं नाही. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मधल्या खळग्यात त्यांची घरं, देऊळ, विहीर. लग्नसराई आली की तिथे मांडव पडतात, हळदीचे स्पीकर लागतात, आणि वर ग्रुपवर कुणीतरी लिहितं की हे काय गाव आहे का? अहो, गावच आहे ते. आपण त्याच्या डोक्यावर येऊन बसलोय. पण असलं काही मी ग्रुपवर टाकत नाही. वाचते, आणि खिडकीची काच ओढून घेते, कारण माझी नोकरी ऐकण्याची आहे.

खरंच ऐकण्याची. फोनवर ती बाई सांगते ना, की हे संभाषण रेकॉर्ड केलं जात आहे, ते रेकॉर्ड पुढे कुणीतरी ऐकतं, ती मी. लोक कंपनीवर ओरडतात, कंपनीची मुलं शिकवलेल्या गोडव्याने उत्तरं देतात, आणि मी बेडरूमच्या कोपऱ्यात हेडफोन लावून त्या गोडव्याला मार्क देते. घरातून काम. लोकांना वाटतं मजा आहे. दिवसचे दिवस मी लिफ्टमध्येही पाऊल टाकत नाही. नवरा, निलेश, सकाळी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि संध्याकाळी त्याच ट्रॅफिकमध्ये उलट्या बाजूने अडकतो. आम्ही दोघं आपापल्या जागी अडकलेले असतो, आणि रात्री जेवताना कोण जास्त अडकलं होतं ते एकमेकांना सांगतो.

काच ओढली तरी हळद वर येतेच. आधी ढोलकीची धडधड भिंतीतून येते, मग बेंजो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं आमच्याकडचं वाद्य, कानात सुई टोचावी असा त्याचा आवाज. या वर्षी तो पहिल्यांदा वाजला त्या दुपारी मी कॉल थांबवला, बेडवरची गादी उचलली, खालच्या पेटीतून ब्लँकेटं, निलेशचे जुने बूट, दिवाळीचे कंदील असं सगळं बाहेर काढलं आणि तळाशी पडलेली गिटार वर घेतली. म्हटलं, बस. या सीझनला ही विकून टाकायची.

सीझन. हा शब्द मी हरेशदादाकडून उचलला. डोंबिवलीच्या मागे, शीळ रोडच्या बाजूच्या गावात त्याची बेंजो पार्टी होती. त्याच्या लेखी वर्षाला दोनच ऋतू, एक सीझन आणि दुसरा नुसता. तुळशीचं लग्न झालं की सीझनची चाहूल, आणि चैत्र-वैशाखात भर. त्याच्या एका सीझनला मी त्याच्याकडे गिटार वाजवली. एकाच. कॉलेज संपलेलं, नोकरी लागलेली नव्हती, अंगात मस्ती होती. त्यानंतर माझ्या आयुष्यात बरंच काय काय झालं, लग्न झालं, घर झालं, पण विचाराल तर त्यातलं निम्मं मला आठवतही नाही. तो एक उन्हाळा मात्र वासासकट आठवतो. मांडवावर टाकलेल्या जांभळीच्या डहाळ्या सुकताना येणारा वास, ओल्या हळदीचा वास, आणि तापलेल्या ॲम्प्लिफायरवरच्या धुळीचा.

आम्ही कल्याणचे. बाबा कारखान्यात फिटर, आणि एप्रिल आला की त्यांची गायन पार्टी. जयंतीच्या कार्यक्रमांना ते हार्मोनियम वाजवायचे, मी लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून टाळ्या द्यायची, आणि पुढे गिटार शिकले. ही गिटार बाबांनीच आणली, आखातात निघालेल्या एका हॉटेलच्या बँडवाल्याकडून. अर्धी पोकळ गिटार. मधे लाकडाचा सलग ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी, आणि वर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं. रंग पिकलेल्या चिंचेचा. दिसायला अशी देखणी की चाळीतल्या बायका बारसं असल्यासारख्या बघून गेल्या. हळदीला वाजवायला जाणार म्हटल्यावर बाबांनी एकच विचारलं, जेवायला कुठे बसवतात. मी म्हटलं, पंगतीत. ते बरं म्हणाले, पण पहिल्या हळदीला माझ्याबरोबर आले आणि स्वतः पंगतीत बसून जेवून खात्री करून मगच परत गेले.

देखणी गिटार हळदीत पहिल्याच फटक्याला रडायला लागली. पोकळ वाद्य आणि पुढ्यात माणसाएवढे स्पीकर, मग काय, स्पीकरचा आवाज पोकळीत शिरायचा, आतून घुमून पुन्हा स्पीकरवाटे बाहेर यायचा आणि नुसती शिट्टी. नवरदेवाचा मामा कानावर हात ठेवून उठून गेला. बाबांनी दुसऱ्या दिवशी जुन्या गादीचा स्पंज कापून दोन्ही भोकांतून आत कोंबला. इतका कोंबला की गिटारला श्वास उरला नाही, पण शिट्टी बंद झाली. मग आवाजाचं बटण तुटलं, तिथे पंख्याच्या रेग्युलेटरचं बसवलं, त्यावर अजून आकडे आहेत. मग दोन गाण्यांच्या मधली खरखर थांबवायला दाराच्या बेलचं बटण लावलं. दाबलं की आवाज गप्प. ते बटण तालात दाबलं की सूर तुटक तुटक यायचा आणि पोरं वेडी होऊन नाचायची. हरेशदादा माझी ओळख माइकवरून करून द्यायचा, बेलवाली गिटार, दाबा आणि नाचा.

आता हे सगळं जाहिरातीत कसं लिहायचं? जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर मी फोटो टाकले आणि लिहिलं, सेमी-हॉलो गिटार, मॉडिफाईड. आपल्याकडे मॉडिफाईड म्हणजे सायलेन्सर काढलेली बाइक. पहिला मेसेज आला, ओरिजनल आहे का? अरे बाबा, वर काय लिहिलंय मी? दुसरा, लास्ट किती? तिसऱ्याने ट्रेडमिल देतो म्हटलं, बदल्यात. मी म्हटलं, ट्रेडमिल ठेवायला जागा असती तर गिटार गादीखाली कशाला ठेवली असती. त्यावर त्याने हसणारा चेहरा पाठवला आणि गायब झाला.

विकायचं कारण म्हणाल तर डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका. वाकते आणि अडकते. सकाळी मूठ वळली की बाकीची बोटं उघडतात आणि ही तशीच वाकून बसते, मग दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावी लागते, तेव्हा खट्‌कन वाजते. डॉक्टर म्हणाले, बोटाच्या आतली दोरी तिच्या नळीत अडकते, टायपिंग कमी करा, नाहीतर छोटं ऑपरेशन. टायपिंग कमी करा म्हणे. मार्क काय डोळ्यांनी देऊ? एवढं खरं की गिटार आता माझ्याने होत नाही. पेटीत पडून लाकूड फुगेल, तारा गंजतील, आणि एक दिवस निलेश ती भंगारवाल्याला देईल, प्रेमाने, मला त्रास नको म्हणून. त्यापेक्षा कुणी वाजवणारं बघून द्यावी.

सोपं होतं. पण त्या गिटारीत आणखी एक गोष्ट आहे. ती मी जाहिरातीत लिहिली नाही.

गिटारच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट. दोन पट्ट्यांत बोट ठेवायचं, पुढची पट्टी सूर पक्का करते. माझ्या गिटारीवर तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या मधे पितळेच्या तारेचा एक बारीक तुकडा बसवलेला आहे, फक्त खालच्या दोन तारांपुरता. नखाएवढा. ज्याला माहीत नाही त्याचं बोट सवयीने त्या तुकड्याच्या मागे पडतं आणि सूर भलताच येतो. फोटोत तो दिसत नाही. हातात घेतली की कळतं, आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं की जणू मी दुधात पाणी घातलंय.

तो तुकडा बामीबायचा.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीन असते. मांडवात भटजी नंतर येतो, त्याच्या आधी सगळे विधी ही बाई गाऊन लावते. उंबराची फांदी रोवायची, हळद दळायची, देवांना बोलवायचं, प्रत्येकाचं गाणं वेगळं, त्यांना धवले म्हणतात. तिच्या तोंडून धवला निघेपर्यंत कुणी हळदीला हात लावत नाही. बामीबाय ही त्या पट्ट्यातली मोठी धवलारीन. काळी, ठेंगणी, हिरवी नऊवारी गुडघ्यापर्यंत, तोंडात कायम पान. तोंडाने इतकी फटकळ की नवरदेवाची आईसुद्धा तिला टरकून असायची. त्या सीझनला हरेशदादाच्या लक्षात आलं की आपली पार्टी दुपारी आवाज लावून बघायला सुरुवात करते तेव्हा ही मांडवात गात असते आणि तिचं कुणालाच ऐकू जात नाही. त्याची स्वतःची हळद तिच्याच धवल्यांनी लागलेली, त्यामुळे त्याला ते लागलं. मला म्हणाला, “म्हातारीचा आवाज बेंजोखाली मरतंय. तू तुजी गिटार घेवून तिचे बाजूला बस.” तिच्यापुढे एक माइक ठेवला आणि मला मागे बसवलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कोनाची गं तू? मी बाबांचं नाव सांगितलं, कल्याणची वस्ती सांगितली. ती जराशी थांबली. त्या थांबण्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. मग पान थुंकून म्हणाली, बस इकरं, आणि स्वतःच्या गोणपाटावरच सरकून जागा दिली. मी बसले. तेवढंच, त्यावर पुढे कधी शब्द झाला नाही.

तार तिच्या षड्जाला लावली, तिने गायला सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीच्या शेवटाला माझी पंचाईत झाली. तिचा गंधार माझ्याकडे नव्हताच. तिसरी पट्टी दाबली तर कोमल, चौथी दाबली तर शुद्ध, आणि ती दोघांच्या मधे कुठेतरी जाऊन निवांत बसायची. तार ताणून तिथे जायचा प्रयत्न केला, पण मी पोचेपर्यंत तिची पुढची ओळ सुरू. दोन-तीन मांडव तिने सहन केलं. मग एकदा धवला अर्ध्यावर तोडून, सगळ्या बायकांदेखत, माझ्याकडे वळून म्हणाली, “तू मना वर वढतंस, नायतं खाली पारतंस. माजे जागेव येवाला कं होतं तुना?”

बायका खो खो हसल्या. मला रडू यायला लागलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, मी नाही जात आता तिथे. बाबांना मात्र फिटरची खुमखुमी चढली. म्हणाले, जागा नाहीये ना, मग करू या जागा.

त्या रविवारी आम्ही दोघं हार्मोनियमची पितळी तार आणि बारीक करवत घेऊन बामीबायच्या घरी गेलो. तिच्याकडून तो सूर पुन्हा पुन्हा गाऊन घेतला, बाबांनी तार दाबून दाबून पेन्सिलने खूण केली, तिथे खाच पाडली, तुकडा बसवला. पुढच्या मांडवात मी ऐटीत बोट ठेवलं आणि तो सूर तिच्या सुराच्या खालीच आला. बाबांना कळेना. मला कळलं. घरी ती पान तोंडात ठेवून गायलेली, गाल भरलेला, सूर आळसावलेला. मांडवात ती पान थुंकून, चूळ भरून गायची, देवांचं काम म्हणून. आम्ही तिचा पानातला सूर मोजून आणला होता. ती खाच बाबांनी भुशाने आणि डिंकाने बुजवली आणि केसभर वर दुसरी पाडली. बुजवलेली खाच अजून काळी रेघ होऊन दिसते. गिऱ्हाइकांना ती तडा वाटते.

दुसरी जागा मात्र लागली. तिने ओळ संपवली, मी बोट ठेवलं, आणि दोन आवाज एकमेकांवर असे बसले की माइकमधून एकच काहीतरी बाहेर आलं, तिचंही नाही आणि माझंही नाही. तिने मागे वळून बघितलं नाही. डोक्यावरचा पदर फक्त सारखा केला आणि पुढची ओळ धरली. पुढे सबंध वैशाख मी तिच्या मागे बसले. दुपारचं रणरणतं ऊन, मांडवाच्या भोकांतून अंगावर पडलेले उन्हाचे ठिपके, जात्यात हळद भरडणाऱ्या बायका, आणि तिचं तोंड. मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची, कारण ओळ कधी संपणार ते तिच्या जबड्यावरून कळायचं. आयुष्यात एवढं लक्ष देऊन मी नंतर कुणाचं ऐकलं नाही. आता ऐकते त्याचा पगार मिळतो, म्हणून ऐकते.

सीझन संपला, मला नोकरी लागली, पाठोपाठ लग्न. बामीबाय गेल्याचं मला हरेशदादाकडून कळलं, तेही बाजारात अचानक भेटला तेव्हा, जाऊन वर्ष झाल्यावर. बाबा त्याच्याही नंतर गेले. मग एका वैशाखात मला ध्यास लागला की तिचा आवाज कुठे तरी असेल. आम्ही वाजवायचो तेव्हा मोबाइल नव्हते, पण प्रत्येक लग्नाचं शूटिंग व्हायचं. हरेशदादाकडून पत्ते घेतले, रविवार रविवार डोंबिवलीला जाऊन लोकांच्या कपाटातल्या सीड्या मागून आणल्या. लोकांनी चहा पाजला, वेड्यासारखं बघितलं, पण दिल्या. घरी लावून बघितल्या. बामीबाय दिसते. स्पष्ट दिसते. मांडवात बसलीय, हात हलवतेय, तोंड उघडझाप होतंय, मागे मीही आहे, बारीक, दोन वेण्या. आणि आवाज? आवाज सिनेमातल्या गाण्याचा. आपल्याकडे शूटिंगवाले विधींच्या भागाला मूळ आवाज बंद करून वर गाणं टाकायचे ना, ग्राहकाला आवडतं म्हणून! प्रत्येक सीडीत तेच. एकीत तर नवरीच्या बिदाईचं गाणं आहे आणि खाली बामीबाय देव बोलावतेय. मी टीव्हीसमोर बसून शिव्या दिल्या. निलेश आतून बाहेर आला, बघितलं, आणि टीव्ही बंद केला.

दिवसभर मी कुणाकुणाचे आवाज ऐकते, रिफंड मागणारे, वैतागलेले, खोकणारे. सगळे जपून ठेवलेले आहेत, तारीखवार. आणि बामीबायचा असा कुठे काही नाही. आहे ते एवढंच, पितळेचा नखाएवढा तुकडा. तो काढला की ती गेली. हे असं बोलून दाखवलं तर वेडगळ वाटतं, म्हणून मी कुणाला सांगत नाही. पण गिटार विकायला काढल्यापासून माझी झोप उडाली ती याच्यासाठी. गिटार जावी, तुकडा राहावा, हे कसं जमायचं?

शेवटी दोनच गिऱ्हाइकं खरी निघाली. एक माजिवड्याला नवं कॅफे काढणारा माणूस. त्याने फोटो मोठे करून करून बघितले आणि त्याला सगळंच आवडलं. रेग्युलेटरचं बटण, बेलचं बटण, काळी रेघ. कॅरेक्टर आहे म्हणाला. काही काढणार नाही, काही बदलणार नाही, काचेच्या पेटीत घालून भिंतीवर लावणार, वर छोटा दिवा. मी विचारलं, वाजवणार कोण. तो म्हणाला, मॅडम, डेकोरेशनसाठी हवीय, तारा नसल्या तरी चालतील.

दुसरे नौपाड्याचे एक सर. बँकेतून निवृत्त झालेले, घरी मुलांना गिटार शिकवतात. त्यांनी दोनदा फोन केला, व्यवस्थित प्रश्न विचारले, आपण कुठे वाजवत होतात, तारा कोणत्या लावता. त्यांना ती वर्गात रोज वाजवायला हवी होती. स्पंज काढीन म्हणाले, हिला श्वास घेऊ दे. त्या तुकड्याचं मी त्यांना फोनवर सांगितलं, कारण त्यांच्याशी खोटं बोलवेना. ते नम्रपणे म्हणाले की तो मात्र काढावा लागेल, मुलांचे कान बिघडतील.

म्हणजे बघा. एकाकडे ती जशीच्या तशी राहणार आणि कधीच वाजणार नाही. दुसऱ्याकडे ती रोज वाजणार, फक्त बामीबायची जागा सोडून. आठवडाभर मी या दोघांच्या मधे लटकत होते. दोघांच्या मेसेजला बघते, कळवते, असं उत्तर देत होते. निलेशला विचारलं. तो म्हणाला, ठेव ना मग, पेटीत आहे तर आहे. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण पेटीत आहे तर आहे हे मला ऐकवेना. मी बेडवर बसलेले होते आणि माझ्या खाली, गादीच्या खाली, फळीच्या खाली, ब्लँकेटांच्या खाली ती होती, आत स्पंज कोंबलेली. मला अक्षरशः श्वास घेता येईना. मी उठून गॅलरीत गेले आणि तिथूनच नौपाड्याच्या सरांना फोन लावला. या म्हटलं, घेऊन जा.

ते शनिवारी दुपारी आले. पांढरा शर्ट, पायांत सँडल, हातात नवी कोरी पिशवी गिटारीच्या मापाची. खाली गावात मांडव पडत होता, बांबू ठोकल्याचा आवाज वर येत होता. त्यांनी पाणी घेतलं, गिटार मांडीवर घेतली, हात फिरवला आणि वाजवायला लागले. छान वाजवत होते. पण बोट सारखं त्या तुकड्याच्या मागे पडत होतं आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आंबट होत होता. मग थांबून त्यांनी विचारलं, हा सूर नक्की कशासाठी हवा होता तुम्हाला? जरा दाखवता का?

मी गिटार घेतली. तार बामीबायच्या षड्जाला उतरवली, ते माझे हात विसरले नव्हते. अनामिका तुकड्याच्या मागे ठेवली आणि तार छेडली. स्पीकर नाही, काही नाही, नुसती तार. तरी आला. सर मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांनी तो स्वतःच्या गळ्यात घ्यायचा प्रयत्न केला. घसरून कोमलवर गेले. पुन्हा केला, शुद्धवर गेले. हसले आणि म्हणाले, नाही हो लागत. मी गिटार परत द्यायला गेले तर देता येईना, बोट तारेवरच वाकून अडकलेलं. ते हात पुढे करून उभे आणि मी गिटारीला चिकटलेली. थांबा जरा, म्हटलं, आणि उजव्या हाताने बोट सोडवलं. खट्‌कन वाजलं. दुखलं का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. दुखलं होतं.

त्यांनी गिटार पिशवीत घातली, चेन ओढली. दारात मी त्यांना थांबवलं.

“काढायचा तेव्हा काढा तो तुकडा,” मी म्हटलं. “फक्त मला कळवू नका.”

त्यांनी मान हलवली आणि ते लिफ्टमध्ये शिरले.

मी गॅलरीत आले. खाली घोडबंदर रोड नेहमीसारखा तुंबलेला. सर गेटबाहेर पाठीवर पिशवी लावून रिक्षा शोधत होते, पण रिक्षा काय, काहीच हलत नव्हतं. मला वाटलं होतं की ती गेली की गेली. ती तर जाईचना. तिथे खाली उन्हात उभी, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. मी हात गॅलरीच्या गजावर घट्ट धरून ठेवले. मनात म्हटलं, जा बाई एकदाची. आणि लगेच म्हटलं, नको जाऊ.

तेवढ्यात फोन वाजला. सरांचाच. खाली बघितलं तर एका कानाला मोबाइल लावून, दुसऱ्या कानावर हात ठेवून, हॉर्नच्या गोंगाटात ते उभे होते. सॉरी म्हणाले, पण ते डोक्यातून जाईना. तो सूर गाण्यात कुठे यायचा? कुठल्या शब्दावर?

“‘गो’वर,” मी म्हटलं. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. “त्यांच्या गाण्यात ओळीच्या शेवटी बायका एकमेकींना गो म्हणतात ना, त्या ‘गो’वर.”

“बरं. आणि त्याच्या आधी? ओळ काय होती?”

मी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर बामीबायचं तोंड होतं, जबडा हलत होता, शब्दामागून शब्द येत होते, सबंध वैशाख माझ्या हातभर अंतरावर. मी थांबले. पुन्हा सुरुवात केली. खाली रस्ता थोडा सुटला, एक रिक्षा सरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, आणि ते आत न बसता वर माझ्या इमारतीकडे बघत फोन कानाला लावून वाट बघत राहिले.

ओळ मला येत नव्हती. एकही येत नव्हती. मी कधी ऐकलीच नव्हती, मी नुसता सूर धरून बसले होते.